टोल शून्य, तिकीट दुप्पट

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी. गाडीमागे ४५ रुपये जात होते, ते शून्य झाले. लगेच दुसऱ्या दिवशी निवडणुकीची आचारसंहिता लागली, त्यामुळे एवढी घाई का, हे कोडं कुणाला पडलं नाही. पुढच्या वर्षी ९ मेच्या सकाळी बेस्टच्या वाहकांच्या मशीनमधून पाचच्या जागी दहा रुपयांचं तिकीट निघायला लागलं. एसी बसचं सहाचं बारा झालं. दोन तारखांमध्ये पुरते सात महिनेही नाहीत. दोन्ही निर्णय वेगळ्या दालनांत, वेगळ्या फायलींवर, वेगळ्या माणसांच्या सह्यांनी झाले. टोलमाफी मंत्रिमंडळाची, भाडेवाढ बेस्टची आणि तिला मंजुरी देणाऱ्या परिवहन प्राधिकरणाची. एकाच शहराच्या एकाच रस्त्यावरचे हे दोन निर्णय कुणी एका कागदावर शेजारी शेजारी मांडले असतील असं वाटत नाही. ते मांडले की जे दिसतं, ते मला तेव्हापासून बोचतंय. गाडीने शहरात शिरणं स्वस्त झालं, बसने शहरात फिरणं महाग झालं. आणि टोलमाफीची भरपाई सरकारी तिजोरीवर आली, म्हणजे बसमध्ये उभं राहून जाणाऱ्याच्या खिशातूनही थोडी गेलीच.

टोलची बाजू घेण्याचा माझा इरादा नाही. तो गर्दीवरचा आकार, म्हणजे कोंडी कमी करायला गर्दीच्या भागात येणाऱ्या गाडीकडून घ्यायचे पैसे, नव्हताच. शहरातल्या ५५ उड्डाणपुलांचा खर्च वसूल करायला तो २००२ पासून सुरू झाला होता. पहाटे तीनलाही ४५ आणि सकाळी नऊलाही ४५. अंधेरीहून बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कचेरीत, एकटा माणूस मोठी गाडी घेऊन रोज आला तरी त्याला नाका आडवा येत नव्हता, आणि ठाण्याच्या कोपरीतला माणूस दोन किलोमीटरवरच्या मुलुंडला आईला दवाखान्यात न्यायला निघाला तर त्याला येत होता. शिवाय टोलच्या रांगेनेच मुलुंडच्या आनंदनगर नाक्यावर जी कोंडी व्हायची, ती आठवून आजही कुणी टोलसाठी उसासा टाकणार नाही. लोकांचा राग खरा होता. पण रस्त्याची जागा फुकट नसते, एवढी एकच आठवण तो ४५ चा आकडा वेडावाकडा का होईना करून देत होता. तो वाकडेपणा सरळ करायची संधी होती. ती सोडून आपण आकडाच पुसला.

आपण टोलवर तावातावाने बोलतो, पेट्रोलच्या भावावर बोलतो, खड्ड्यांवर तर दर पावसाळ्यात बोलतो. बसच्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे ती किती मिनिटांनी येते यावर, कुणी तावातावाने बोलताना दिसत नाही. बस आली नाही की माणूस मनातल्या मनात चरफडतो आणि शेअर रिक्षाकडे वळतो. त्याचा तो राग कुठल्याच वहीत नोंदला जात नाही.

वांद्रे पूर्वेला सकाळी नऊ-सव्वानऊला ३१० नंबरच्या बसची रांग पाहण्यासारखी असते. लोकलमधून उतरलेला लोंढा पुलावरून खाली येतो आणि कुर्ल्याकडे, बीकेसीकडे जाणाऱ्या बससाठी वळसे घेत उभा राहतो. पावसाळ्यात छत्र्यांची टोकं एकमेकांच्या खांद्यावर गळत असतात. ओला रेक्झिन, टिफिनमधली भाजी आणि नाल्याचा तो ओळखीचा वास एकत्र येतो. काही बसमध्ये वाहक नसतो, तो खाली स्टॉपवरच उभा राहून तिकिटं फाडतो. त्याच्याकडे तिकीट घ्यायचं, मग चढायचं. पूर्वी बस कळायची ती आवाजाने. डिझेलची घरघर आणि ब्रेकचा तो दमेकरी सुस्कारा ऐकून मान वर व्हायची. विजेची बस आवाज न करता येते, आणि रांगेतला मोबाईलमध्ये बुडालेला माणूस एकदम दचकून पुढे सरकतो. आत एसी चालू असला तर काचा आतून धुरकट होतात आणि लोक बोटाने पुसून स्टॉप शोधतात. बस बरी असते. चांगलीच असते. फक्त ती कधी येणार, याचा भरवसा नसतो.

हा भरवसा नसणं म्हणजे नेमकं काय, याचं गणित फार सोपं आहे आणि ते समजलं की बससेवेकडे बघण्याची नजर बदलते. समजा अर्ध्या तासात तीन बस आहेत आणि स्टॉपवर दर मिनिटाला एक माणूस येतो. बस दर दहा मिनिटांनी आल्या तर सरासरी थांबावं लागतं पाच मिनिटं. आता त्याच तीन बस दोन मिनिटं, चार मिनिटं आणि मग चोवीस मिनिटांच्या अंतराने आल्या असं धरा. तीस माणसांपैकी चोवीस माणसं त्या लांब खिंडीत सापडतात आणि सरासरी बारा मिनिटं उभी राहतात. सगळ्यांची मिनिटं मिळवली तर २९८, म्हणजे माणशी जवळपास दहा. बस तेवढ्याच, चालक तेवढेच, वीज तेवढीच, पगार तेवढाच. थांबणं दुप्पट. पंगतीत तीन वाढपी एकामागोमाग एक भात घेऊन आले आणि मग अर्धा तास कुणी फिरकलंच नाही, अशातली ही गत. भात कमी नव्हता, असं मागाहून सांगून उपाशी माणसाचं समाधान होत नाही.

बस अशा जोडीने का येतात, याला चालकाचा आळस हे उत्तर बहुतेक वेळा खोटं असतं. पुढची बस कलानगरच्या सिग्नलला दोन फेऱ्या अडकली की पुढच्या स्टॉपवर तिच्यासाठी जास्त माणसं जमलेली असतात. चढायला माणशी दोन-तीन सेकंद लागतात. पंधरा माणसं जास्त चढली की अर्धं-पाऊण मिनिट आणखी गेलं, म्हणजे त्यापुढच्या स्टॉपवर आणखी माणसं. मागच्या बसला मात्र रिकामे स्टॉप मिळतात, ती पळते आणि चार-पाच स्टॉपांत पुढचीला गाठते. मग पुढची खचाखच आणि मागची अर्धी रिकामी, अशी वरात शेवटच्या स्टॉपपर्यंत जाते. यावर उपाय माहीत आहेत. मधल्या एखाद्या ठिकाणी मागच्या बसला दोन मिनिटं मुद्दाम थांबवायचं, शेवटच्या स्टॉपवर वेळापत्रकात पाच-सात मिनिटांची उसंत ठेवायची, पुढची बस काही स्टॉप सोडून न्यायची. पण हे सगळं मलमपट्टीचं काम. मूळ दुखणं सिग्नलला उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगेत आहे, आणि त्या रांगेवर बस डेपोचा काही अधिकार चालत नाही.

कोंडी बस खाते, हे मी अलंकारिक म्हणत नाही.

एका मार्गावर जाऊन-येऊन, शेवटच्या स्टॉपची उसंत धरून, दोन तास लागत असतील आणि दर दहा मिनिटांनी बस हवी असेल तर बारा बस लागतात. कोंडी वाढून तीच फेरी अडीच तासांची झाली की त्याच फ्रिक्वेन्सीसाठी पंधरा. जास्तीच्या तीन बस प्रवाशाला काहीच देत नाहीत, त्या फक्त ट्रॅफिकमध्ये उभ्या राहतात. आणि तीन बस मिळाल्याच नाहीत, जे आपल्याकडे नेहमीच होतं, तर दहाची फ्रिक्वेन्सी साडेबारावर जाते. हेच उलटं करून पाहा. रस्ता मोकळा होऊन फेरी शंभर मिनिटांत झाली तर दहा बस पुरतात, दोन बस हातात शिल्लक उरतात. नवी बस विकत न घेता, नवा चालक न नेमता. कंत्राटी बसना पैसे किलोमीटरवर मिळतात आणि करारात रोजचे ठरावीक किलोमीटर हमीचे असतात. कोंडीत बस तेवढी धावली नाही तरी त्या हमीचा भार डोक्यावर राहतोच. म्हणून गर्दीच्या भागात येणाऱ्या गाडीवर आकार लावायचा, हा गाडीवाल्याला शिक्षा करण्याचा विचार म्हणून मला कधीच पटला नाही. तो बसला तिचीच मिनिटं परत देण्याचा विचार म्हणून पटतो. जमणारे पैसे ही दुय्यम गोष्ट आहे, जरी भांडणं सगळी पैशांवरच होतात.

मग आधी बस चांगल्या करा, लोक आपोआप गाडी सोडतील, असं म्हणणारे भेटतात. बहुतेक सज्जन असतात. त्यांना स्टॉकहोमची गोष्ट सांगावी. तिथे ३ जानेवारी २००६ ला गर्दीच्या आकाराचा प्रयोग सुरू झाला, पण त्याच्या चार महिने आधी, २००५ च्या ऑगस्टमध्ये, १९७ नव्या बस आणि १६ नवे मार्ग सुरू झाले होते. हेतू असा की आकार लागेल तेव्हा माणसाला पर्याय तयार मिळावा. प्रयोगापुरतं झालं असं की दोन औषधं वेगवेगळी तपासता आली. नुसत्या बस वाढल्या त्या महिन्यांत गाड्यांची संख्या जवळपास हलली नाही. आकार लागला आणि हद्द ओलांडणारी वाहनं पाचव्या हिश्श्याने कमी झाली. जुलैअखेर प्रयोग थांबला, सप्टेंबरमध्ये जनमत घेतलं गेलं, आधी विरोधात असलेल्या शहराने कौल बाजूने दिला आणि ऑगस्ट २००७ पासून आकार कायमचा झाला. चांगल्या बसने बसमधला माणूस सुखावतो. गाडीतला माणूस त्यामुळे खाली उतरतोच असं नाही, कारण त्याने मोकळा केलेला रस्ता दुसरी गाडी लगेच भरून काढते.

याचा अर्थ बस नंतर आणल्या तरी चालतील, असा मात्र मुळीच नाही. लंडनने १७ फेब्रुवारी २००३ ला शहराच्या मध्यभागी, साधारण २१-२२ चौरस किलोमीटरमध्ये, कामाच्या दिवशी सकाळी सात ते संध्याकाळी साडेसहापर्यंत ५ पौंडांचा आकार लावला. नाके नाहीत, अडसर नाहीत, फक्त नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे. त्याआधीची दोन-तीन वर्षं तिथे बसवर काम चाललं होतं आणि आकार लागायच्या सुमारास मध्यभागाकडे येणाऱ्या मार्गांवर सुमारे ३०० बस जास्तीच्या धावू लागल्या. पहिल्या वर्षी आत येणारी चारचाकी वाहनं १८ टक्क्यांनी कमी झाली. लंडनच्या बस खासगी कंपन्याच चालवतात, आपल्याकडच्या भाडेतत्त्वावरच्या बससारख्याच. फरक करारात आहे. तिकिटाचे पैसे शहराच्या संस्थेकडे जातात आणि कंपनीचं बक्षीस किंवा कपात, दाट फ्रिक्वेन्सीच्या मार्गांवर, एका आकड्यावर ठरते. वेळापत्रकाप्रमाणे प्रवाशाला जेवढं थांबावं लागायला हवं होतं त्यापेक्षा किती जास्त थांबावं लागलं, तो आकडा. आपण वर केलं तेच २९८ मिनिटांचं गणित. बक्षीस कराराच्या किमतीच्या १५ टक्क्यांपर्यंत, कपात १० टक्क्यांपर्यंत. त्यामुळे तिथल्या कंपनीला दोन बस एकामागोमाग धाडण्यात काही मिळत नाही. नुसते किलोमीटर मोजले की किलोमीटर मिळतात, बस वेळेवर मिळत नाही.

लंडनला नंतर जे बिघडलं तेही सांगायला हवं, कारण आपल्याकडे परदेशातली उदाहरणं कायम पहिल्या वर्षापाशी संपतात. २००८ च्या सुमारास तिथली कोंडी पुन्हा आकाराआधीच्या पातळीला गेली. गाड्या कमीच होत्या, पण जुन्या जलवाहिन्या बदलायला रस्ते जागोजागी खणलेले होते आणि मोकळी झालेली काही जागा पादचाऱ्यांना व बसना दिली गेली होती. पुढे ॲपवरच्या टॅक्सी आल्या. खासगी भाड्याच्या टॅक्सींना आकारातून सूट होती आणि ती २०१९ च्या एप्रिलपर्यंत काढली गेली नाही, तोवर त्यांची संख्या भरमसाट वाढली होती. विजेच्या गाड्यांची पूर्ण सूट २०२५ च्या नाताळापर्यंत चालली. आकार स्वतः ५ पौंडांवरून २०२६ च्या जानेवारीत १८ वर गेला. सूट देताना कुणाला वाईट वाटत नाही, काढताना सगळ्यांना वाटतं. आणि अशा प्रत्येक सवलतीतून एकेक वाहनप्रकार आत शिरून फुगतो. मुंबईत कुणी असा आकार आणू म्हणेल तर पहिली मागणी दुचाकींना वगळण्याची येईल आणि ती मान्यही होईल. त्याचा परिणाम गाडीवाल्यावर कमी आणि बसवर जास्त होईल, कारण स्कूटर घेण्याच्या उंबरठ्यावर उभा असलेला माणूस गाडीतला नसतो, बसमधला असतो.

आता भाड्याकडे येतो. ९ जुलै २०१९ ला बेस्टने किमान भाडं ८ वरून ५ वर आणलं तेव्हा बसमध्ये पुन्हा गर्दी दिसायला लागली. कामगार संघटनेबरोबरच्या करारात स्वतःच्या ३,३३७ बस राखायचं ठरलं होतं. भाडं पाळलं गेलं, बसचा आकडा पाळला गेला नाही. जुन्या बस वयाने निवृत्त होत गेल्या, नव्या भाडेतत्त्वावरच्या ठरल्या वेळी आल्या नाहीत, काही कंत्राटदार परवडत नाही म्हणून मधेच सोडून गेले, आणि २०२५ मध्ये बेस्टच्या मालकीच्या बस काही शेकड्यांवर आल्या. पाच रुपयांचं तिकीट हातात आणि बस नाही. स्वस्ताई अशी रांगेत उभी राहून फेडावी लागते. म्हणून दहा रुपये हे फार नाहीत, पण बस आणा, असं म्हणणाऱ्या प्रवाशाशी मी बऱ्यापैकी सहमत आहे. बऱ्यापैकी, पूर्ण नाही. कारण तो म्हणणारा बहुधा दिवसातून दोनदा बसमध्ये चढतो, आणि चारदा-पाचदा चढणारी माणसं त्या चर्चेत नसतात.

नव्या दरपत्रकात साध्या बसला पाच किलोमीटरपर्यंत १० रुपये, दहापर्यंत १५, पंधरापर्यंत २०. सहा किलोमीटर एकाच बसने गेलात तर १५ रुपये. तेच सहा किलोमीटर मधे बस बदलून, तीन अधिक तीन असे गेलात तर २०. बदलण्याची गैरसोयही तुमची आणि तिचा दंडही तुम्हालाच. आता गोवंडीहून निघणारी, चार घरची कामं करणारी बाई धरा. सकाळी एक बस, दोन घरांच्या मधे एक, येताना बाजारापाशी उतरून पुन्हा एक, मुलाला शाळेतून घेऊन शेवटची एक. चारही टप्पे पाच किलोमीटरच्या आतले. रोजचे ४० रुपये, महिन्याच्या २६ दिवसांचे १,०४०. हाच हिशोब मे २०२५ च्या आधी ५२० होता. पास असतो, पण पासाला महिन्याच्या सुरुवातीला एकरकमी पैसे लागतात, आणि ज्यांच्या हातात पैसे आठवड्याने किंवा कामाने येतात त्यांना तो परवडत नाही. किमान भाडं पाच की दहा यावर आपण भांडत बसलो आणि तासाभरात कितीही बस बदला, भाडं एकदाच, हा साधा नियम बाजूला राहिला. लंडनने तो २०१६ च्या सप्टेंबरमध्ये आधी एका बदलापुरता आणला आणि २०१८ च्या जानेवारीत तासाभरासाठी अमर्याद केला. तिथे २०२३ मध्ये भाडं १.७५ पौंड झालं, कुठूनही कुठेही, पण बस बदलणारा माणूस वेगळा लुबाडला जात नाही. मशीन बेस्टकडे आहेत, ॲप आहे, कार्ड आहे. तिकिटावर वेळ छापलेली असते. आणखी काय लागतं?

फुकट बसचं वारंही अधूनमधून येतं. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून सुमारे वर्षभर पाच मार्गांवर बस फुकट चालवून पाहिली. चढणारे बरेच वाढले, पण त्यांतले पुष्कळसे आधीपासून बसनेच जाणारे होते, आणि बसचा वेग वाढला नाही. जास्त माणसं चढली म्हणजे स्टॉपवर जास्त वेळ गेला. गरिबाच्या खिशात पैसे राहिले, ही काही छोटी गोष्ट नव्हे. पण कोंडीवर तो उतारा नाही. हातात पैसे मोजकेच असतील तर मी ते आधी फ्रिक्वेन्सीवर, मग बस बदलण्याच्या सवलतीवर लावीन आणि फुकटाची गोष्ट शेवटी काढीन.

पैशांचं म्हणाल तर ते कुठल्या खिशात पडतात यावर सगळं अवलंबून आहे. न्यूयॉर्कने ५ जानेवारी २०२५ ला ६० व्या रस्त्याच्या दक्षिणेला येणाऱ्या गाडीवर ९ डॉलरचा आकार लावला. तो पैसा भांडवली कामांसाठी आहे, त्याच्या जोरावर १५ अब्ज डॉलर उभारायचे, ८० टक्के शहरातल्या भुयारी रेल्वे आणि बसला. म्हणजे सिग्नल यंत्रणा, लिफ्ट, नवे डबे, नव्या बस. चालकाचा पगार त्यातून होत नाही आणि तिकीट त्याने स्वस्त होत नाही. लंडनने उलट कायद्यातच लिहिलं की निव्वळ उत्पन्न दहा वर्षं वाहतुकीवरच खर्च करायचं, आणि सुरुवातीचा बहुतेक पैसा रोजच्या बससेवेत गेला. पण तिथे आणखी एक गंमत झाली. गाड्या अपेक्षेपेक्षा जास्त घटल्या, म्हणून पहिल्या वर्षाचं उत्पन्न अंदाजापेक्षा बरंच कमी आलं. आकार जितका यशस्वी तितका गल्ला हलका. त्यामुळे महिन्याचे पगार सगळे त्याच्यावर टांगून ठेवणं शहाणपणाचं नाही.

मुंबईला हा एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसा फिरवण्याचा प्रकार नवा नाही, हे मात्र लोक विसरले. बेस्ट ही वीज आणि बस एकत्र चालवणारी संस्था. वर्षानुवर्षं विजेच्या नफ्यावर बस चालली, पुढे शहरातल्या वीजबिलात परिवहनाच्या तुटीसाठी वेगळा आकारच लावला जायचा. कुलाब्यातल्या एसीने वडाळ्याच्या बसचा तोटा भरायचा, असा तो व्यवहार होता. मग नियामकांपुढे आणि न्यायालयांत वाद झाले, वीजग्राहकाने बसचा भार का सोसावा असा सवाल आला, आणि तो आकार बंद झाला. सवाल गैर नव्हता. विजेचा दिवा लावणाऱ्याने बसची वाट अडवलेली नसते. गर्दीच्या वेळी गाडी घेऊन येणाऱ्याने अडवलेली असते. त्याच्याकडून घेऊन बसला देण्यात निदान कार्यकारणाचा धागा सरळ आहे. वीजबिलातला आकार गेला तेव्हा त्याच्या जागी काहीच आलं नाही आणि तिथून बेस्टचं महापालिकेच्या दारात हात पसरणं सुरू झालं.

मुंबईत हे कुठे सुरू करायचं, यावर माझं मत शहराच्या वेशीवर नाही असं आहे. माहीम-शीवची रेघ ओढून दक्षिण मुंबईभोवती हद्द आखायची म्हटलं तर माहीम कॉजवे, सी लिंक, धारावी, शीव, वडाळा, फ्रीवे, अटल सेतू अशी दारं मोजत बसावं लागेल आणि प्रत्येकाची भांडणं निराळी. बीकेसी त्यापेक्षा सुटसुटीत. दारं मोजकी आहेत. कलानगर, सी लिंककडून उतरणारा पूल, चुनाभट्टीचा कनेक्टर, कुर्ल्याकडची बाजू, वाकोल्याची बाजू. नियोजन एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, हातात. ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रो तिथे आरेकडून येते, ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत जाते. दोन्ही बाजूंना लोकलची स्टेशनं आहेत आणि मधे तीच ती ३१० ची रांग. म्हणजे पर्याय कागदावर आहे, फक्त शेवटचे दोन किलोमीटर तुटलेले आहेत. आणि आकाराच्या आधी पार्किंग. कचेरीच्या तळघरात साहेबाची गाडी दिवसभर फुकट उभी असते, तिचं भाडं कंपनी भरते, म्हणून ती फुकट वाटते. ते भाडं पगारपत्रकात वेगळं दाखवा आणि गाडी न आणणाऱ्याला तेवढे पैसे रोख द्या. कॅमेऱ्याचा एक खांबही न रोवता काही गाड्या घरी राहतील.

त्यानंतरचा क्रम मी असा लावीन. आधी सहा महिने आकाराचं नावही नको. वांद्रे आणि कुर्ला, दोन्ही स्टेशनांवरून गर्दीच्या वेळी चार-पाच मिनिटांनी बस, शेवटच्या स्टॉपवर उसंत धरून. कलानगरच्या आणि कुर्ल्याच्या बाजूला, जिथे बस सगळ्यात जास्त अडकते तेवढ्याच चार-पाचशे मीटरमध्ये राखीव मार्गिका. पूर्ण रस्ताभर नको, पुण्याच्या बीआरटीत ते करून पाहिलंय आणि नगर रस्त्यावरची मार्गिका शेवटी उखडली गेली. तिकीट खाली देणारे वाहक गर्दीच्या स्टॉपवर एकाऐवजी तीन, म्हणजे बस उभी राहून वाट पाहणार नाही. एक तासाचं तिकीट. आणि दर आठवड्याला स्टॉपवरच फलक, किती मिनिटं थांबावं लागायला हवं होतं आणि किती लागलं. मग आकार, तोही सगळा दिवस एकच नाही, वेळेनुसार चढता-उतरता. सिंगापूरने २ जून १९७५ ला सकाळी साडेसात ते साडेनऊ एवढाच आकार लावला, ३ सिंगापूर डॉलर, काचेवर कागदी परवाना. साडेनऊ वाजले रे वाजले की हद्दीबाहेर थांबलेल्या गाड्या एकदम आत घुसायच्या. दोन महिन्यांत वेळ सव्वादहापर्यंत वाढवावी लागली. त्याच प्रयोगात त्यांनी हद्दीबाहेर हजारो गाड्यांचे वाहनतळ बांधले आणि तिथून खास बस सोडल्या. त्या रिकाम्या धावल्या. गाडी सोडायचं ठरवलेल्या माणसाने ती घरीच सोडली आणि घराजवळच्या साध्या बसमध्ये चढला. अर्धा रस्ता गाडीने यायचं आणि मग बस धरायची, हा बेत आखणाऱ्यांनाच फार आवडतो.

सकाळची फ्रिक्वेन्सी दाखवायला सोपी असते, कारण सगळे एकाच वेळी येतात आणि अधिकारीही तेव्हाच पाहणीला येतात. संध्याकाळी कचेऱ्या सहापासून नऊपर्यंत सुटत राहतात, बस मात्र आठनंतर एकेक करून डेपोकडे वळतात, कारण दुसऱ्या पाळीचे चालक कमी असतात. आणि बीकेसीतल्या काचेच्या इमारती झाडून-पुसून घेणारी माणसं निघतात ती दहा-साडेदहाला. आकारातून पहिला रुपया जमा होईल तेव्हा तो नव्या बसच्या चकचकीत उद्घाटनात जाऊ नये, या साडेदहाच्या फेरीच्या चालकाच्या आणि वाहकाच्या पगारात जावा. वांद्र्याला एक, कुर्ल्याला एक, दर पंधरा मिनिटांनी, शेवटची लोकल सुटेपर्यंत.